पास तिघांचे, तिकिटं दोघांची: टँपाच्या एका मराठी कुटुंबाचं डिस्ने वर्ल्डचं वर्ष

न्यू जर्सीहून २०२५ च्या जूनमध्ये टँपाला बदली होऊन आलेलं एक कुटुंब. नवरा एच-१बीवर, बायको एच-४वर, मुलगी आठ वर्षांची, धाकटा अडीच वर्षांचा. पुण्याहून आजी-आजोबा दिवाळी आटोपून पाच महिन्यांसाठी येणार होते. टँपापासून वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आय-४ महामार्गाने साधारण ७० मैल. रस्ता मोकळा असेल तर सव्वा तास, पण आय-४ मोकळा असतो असं टँपातलं कुणी शपथेवर सांगणार नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी डिस्ने वर्ल्डचे तीन वार्षिक पास ऑनलाइन घेतले. ते चालू व्हायला सप्टेंबर उजाडला, आणि तेही एका दमात झाले नाहीत.

कागद जुळवताना त्यांचा फोन मला आला, म्हणून हे प्रकरण मला आतून माहीत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. फ्लोरिडात नव्याने आलेल्या बहुतेक मराठी घरांना याच अडचणी याच क्रमाने येतात, म्हणून ते सविस्तर लिहितो.

कोणता पास, आणि कुणाला

डिस्ने वर्ल्डमध्ये चार मुख्य पार्क आहेत: १९७१ चं मॅजिक किंगडम, १९८२ चं एपकॉट, १९८९ चं हॉलीवूड स्टुडिओज आणि १९९८ चं अ‍ॅनिमल किंगडम. वार्षिक पासचे चार प्रकार २०२१ च्या सप्टेंबरपासून आहेत. पिक्सी डस्ट आणि पायरेट हे दोन फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांसाठी. सॉर्सरर रहिवाशांना आणि डिस्ने व्हेकेशन क्लबच्या, म्हणजे डिस्नेच्या रिसॉर्टमध्ये हिस्सा विकत घेण्याच्या योजनेच्या, सभासदांना मिळतो. इन्क्रेडी-पास कुणालाही मिळतो. या कुटुंबाने पास घेतले तेव्हाचे, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून लागू असलेले दर अनुक्रमे ४६९, ८२९, १,०७९ आणि १,५४९ डॉलर होते, वर कर.

पिक्सी डस्ट आणि इन्क्रेडी-पास यांच्या दरांत तिपटीहून जास्त फरक आहे, आणि पार्क मात्र तेच चार. फरक आहे तो तारखांचा. पिक्सी डस्टवाल्याला शनिवार-रविवार बंद आणि मोठ्या सुट्ट्याही बंद. पायरेटवाल्याला शनिवार-रविवार चालतात, पण ईस्टरच्या आसपासचे शाळेच्या सुट्टीचे दिवस, थँक्सगिव्हिंग, नाताळ ते नवीन वर्ष हे दिवस बंद. सॉर्सररला थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या आसपासचेच दिवस बंद असतात, इन्क्रेडीला एकही नाही. या बंद तारखांना तिकडे सगळे ब्लॉकआउट म्हणतात. हिशोब सरळ आहे. सप्टेंबरच्या मंगळवारी पार्क तसंही ओस असतं, तिथे ऑरलँडो-टँपाचा माणूस स्वस्तात आला तर तो आइस्क्रीम तरी घेतो. २६ डिसेंबरला दारात पूर्ण पैसे मोजणारे उभे असताना त्याला आत घेण्यात कंपनीला रस नसतो.

बायकोचा पहिला विचार पिक्सी डस्टचा होता. दर पाहिला की कुणाचाही तोच होतो. पण नवऱ्याचं ऑफिस सोमवार ते शुक्रवार, मुलीची शाळाही तशीच. म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी सोडली तर तिघांना एकत्र जायला मोकळे असलेले सगळे दिवस पिक्सी डस्टने बंद केलेले. स्वस्त पास घेऊन वर्षभर डिस्नेच्या ॲपमध्ये राखाडी झालेल्या तारखा बघत बसणारी घरं मी पाहिली आहेत. घरातल्या सगळ्यांनी एकाच प्रकारचा पास घ्यावा असाही नियम नाही. घरी असणाऱ्या आईने धाकट्याला घेऊन मधल्या वारी जायचं ठरवलं असतं, तर तिच्यापुरता पिक्सी डस्ट चालला असता. पण तिला शनिवारी नवऱ्या-मुलीबरोबरच जायचं होतं. तेव्हा तिघांना पायरेट. तीन गुणिले ८२९ म्हणजे २,४८७ डॉलर, साडेसहा टक्के कर धरून सुमारे २,६४९.

फ्लोरिडाच्या रहिवाशांना सुरुवातीची रक्कम भरून उरलेले पैसे बारा बिनव्याजी मासिक हप्त्यांत देता येतात. बाहेरच्यांना ती सोय नाही. या घराने सगळे पैसे एकदम भरले. बापाचं म्हणणं असं की हप्ता दिसत नाही आणि मग पासही दिसेनासा होतो.

पासच्या किमतीत मुलांना सवलत नसते. रोजच्या तिकिटात ३ ते ९ वर्षांच्या मुलांचा दर थोडा कमी असतो, पासमध्ये तीन वर्षांच्या वरचा प्रत्येकजण सारखाच. तीन वर्षं पूर्ण न झालेल्याला मात्र काहीच लागत नाही. धाकट्याचा तिसरा वाढदिवस २०२६ च्या जानेवारीच्या मध्यावर होता, म्हणून त्याला तूर्त काही घेतलं नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी त्याचाच प्रश्न उरणार आहे.

घेतला, पण चालू नाही

ऑनलाइन पैसे भरले की पास खात्यात दिसतो. तो चालू करायला मोठ्या माणसाने ओळखपत्र घेऊन काउंटरवर जावं लागतं: पार्कच्या तिकीट खिडकीवर, गेस्ट रिलेशन्समध्ये (म्हणजे पाहुण्यांच्या मदत कक्षात) किंवा डिस्ने स्प्रिंग्समध्ये. पासचं वर्ष मोजायला सुरुवात होते ती चालू केल्याच्या दिवसापासून, पैसे भरल्याच्या दिवसापासून नाही.

या एका गोष्टीने बरंच काही ठरतं. ऑगस्टमध्ये फ्लोरिडात दुपारी तीनच्या सुमाराला वीज-पाऊस रोजचाच, उकाडा जीवघेणा. त्या दिवसांत पास चालू करून वर्षातले महिने वाया घालवण्यात अर्थ नव्हता. एपकॉटचा खाद्यमहोत्सव ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत असतो. सप्टेंबरच्या मध्यावर पास चालू केला, तर या वर्षीचा बहुतेक महोत्सव आणि पुढच्या वर्षीच्या महोत्सवाची सुरुवात, दोन्ही एकाच पासात बसतात. गर्दीही सप्टेंबरात कमी. त्यांनी १२ सप्टेंबरचा शुक्रवार धरला. अनंत चतुर्दशी ६ तारखेला झाली होती, मंडळाचं विसर्जन उरकलं होतं.

पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. "अगं, पक्ष चालू आहे. पक्षात कसली नवी सुरुवात करताय?" पितृपक्ष खरोखरच चालू होता. दसरा २ ऑक्टोबरला होता आणि गुरुवारी आला होता. सुनेने "आई, पैसे ऑगस्टमध्येच भरलेत, सुरुवात तेव्हाच झाली" असं सांगून वेळ मारून नेली. पासच्या अटी वाचल्या असत्या तर सासूबाईंचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं हे तिला कबूल करावं लागलं असतं.

जागा म्हणून त्यांनी डिस्ने स्प्रिंग्स निवडलं, आणि माझ्या मते ही निवड शहाणपणाची होती. ते दुकानं-हॉटेलांचं संकुल आहे, पार्क नव्हे. पार्किंग फुकट, पास लागत नाही, काउंटरवरची रांग पार्कच्या दारासारखी सकाळी एकदम फुगत नाही. मॅजिक किंगडमला हेच काम करायचं म्हणजे गाडी लावा, तिकीट खिडकी गाठा, कागद दाखवा, मग मोनोरेल किंवा फेरीबोट पकडून तळं ओलांडा, तेव्हा कुठे पार्कचं दार. दोन मुलं बरोबर असताना ते सगळं पहिल्याच सकाळी करायचं नसतं. शुक्रवारी संध्याकाळी डिस्ने स्प्रिंग्सला चालू केल्याने वर्षातला एक दिवस जातो हे खरं, पण टँपात राहणाऱ्याला एका दिवसाने काय फरक पडतो?

काउंटरवर अडलं कुठे

व्हिसा कुठला, ग्रीन कार्ड आहे का, हे तिथे कुणी विचारत नाही. विचारतात पत्ता. १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने फ्लोरिडाचा रहिवासी असल्याचा पुरावा स्वतःच्या नावाने द्यायचा. फ्लोरिडाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र असेल तर एका कार्डात काम होतं. ते नसेल तर दुसरं फोटो ओळखपत्र, आणि त्याबरोबर गेल्या दोन महिन्यांतला, नाव आणि फ्लोरिडाचा पत्ता असलेला कागद: घरकर्जाचं मासिक पत्रक, विजेचं किंवा पाण्याचं बिल, बँकेचं स्टेटमेंट, विम्याचा कागद, अशांपैकी एक.

नवऱ्याने जुलैतच लायसन्स बदलून घेतलं होतं. फ्लोरिडात राहायला आल्यावर तीस दिवसांत तसं करायचा नियम आहे. बायकोचं राहून गेलं होतं. तिच्या एच-४ मुदतवाढीची मंजुरी यायची होती, आणि ती आल्याशिवाय लायसन्सच्या ऑफिसात जाण्यात अर्थ नाही असं दोघांनी ठरवलं होतं. त्यामुळे तिच्याजवळ न्यू जर्सीचं लायसन्स आणि भारतीय पासपोर्ट. विजेचं बिल नवऱ्याच्या नावाने. घराचा भाडेकरारही त्याने एकट्याने सही केलेला, कारण ती तेव्हा मुलांना घेऊन अजून न्यू जर्सीतच होती.

इथे भारतीय घरांतली एक जुनी सवय आडवी येते. वीज, पाणी, इंटरनेट, भाडं, सगळं एका माणसाच्या नावावर. बहुतेक वेळा नवऱ्याच्या, कारण नोकरीसाठी तो आधी आलेला असतो. दुसऱ्या माणसाचं त्या राज्यात असणं कागदावर कुठेच उमटत नाही. डिस्नेचा पास तर किरकोळ गोष्ट, पण वाचनालयाच्या कार्डापासून मुलांच्या शाळाप्रवेशापर्यंत हाच अनुभव येतो. राज्य बदललं की पहिल्या आठवड्यात एक तरी बिल दुसऱ्याच्या नावावर करून घ्यावं.

नवऱ्याचं काम झालं. मुलीचंही झालं, कारण मुलांना रहिवासाचा पुरावा लागत नाही. बायकोच्या वेळी काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे तिच्या नावाचा कागद मागितला. नियम तोच होता, सगळ्यांना लागू असलेला. वाद घालण्यासारखं काही नव्हतं आणि त्यांनी घातलाही नाही. टँपाला परतून बँकेकडून आलेलं संयुक्त खात्याचं स्टेटमेंट शोधून काढलं. त्यावर दोघांची नावं आणि नवा पत्ता होता. शनिवारी सकाळी ते घेऊन एपकॉटच्या खिडकीवर तिचा पास चालू झाला. नवऱ्याचा पास आदल्या दिवशी चालू झालेला असल्यामुळे गाडीचं पार्किंग फुकट झालं. पासधारकाला पार्कचं साधं पार्किंग माफ असतं, एरवी ते तेव्हा दिवसाला ३० डॉलर होतं. वर्षातून आठ-दहा फेऱ्या मारणाऱ्याला त्या दराने नुसत्या पार्किंगमध्येच अडीचशे-तीनशे डॉलर वाचतात, आणि पासचा हिशोब करताना बरेच जण हे धरतच नाहीत.

या घोळामुळे नवरा आणि मुलगी यांच्या पासची मुदत बायकोच्या एक दिवस आधी संपते. नूतनीकरणाच्या वेळी हा फरक त्यांच्या लक्षात राहायला हवा. मी त्यांच्या जागी असतो तर शुक्रवारी तिघांचंही थांबवून शनिवारी एकदमच केलं असतं, पण पाच वाजता, दोन मुलं कडेवर-हातात असताना हे सुचणं कठीण आहे.

नावाचीही एक गंमत झाली. बायकोच्या पासपोर्टवर तिच्या नावापुढे वडिलांचं नाव, मग माहेरचं आडनाव. ॲपमधलं खातं तिने लग्नानंतरच्या आडनावाने उघडलेलं. काउंटरवर हे दुरुस्त झालं, पण त्यात वेळ गेला. मराठी बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव यांचे तीन-चार नमुने वेगवेगळ्या कागदांवर फिरत असतात. पास घेतानाच ओळखपत्रावरचं नाव जसंच्या तसं घालायचं. टोपणनाव, लाडाचं नाव, आडनावाशिवाय नुसतं नाव, काही नको.

आजी-आजोबांना पास का घेतला नाही

नवऱ्याला वाटत होतं, पाच महिने राहणार आहेत, त्यांनाही पास घेऊन टाकू. भावना चांगली, पण हिशोब बसत नव्हता. पाहुण्यांच्या व्हिसावर आलेली माणसं फ्लोरिडाची रहिवासी धरली जात नाहीत, मग ती मुलाच्या घरी सहा महिने का राहोत. त्यांना फक्त इन्क्रेडी-पास मिळतो: १,५४९ डॉलर माणशी, दोघांचे ३,०९८, वर कर, आणि हप्त्यांची सोय नाही.

त्यावेळी एका दिवसाचं तिकीट पार्क आणि तारखेनुसार ११९ ते १९९ डॉलर होतं. सगळ्यात महाग दिवस धरला तरी पास वसूल व्हायला प्रत्येकाला आठ दिवस पार्कात घालवायला हवेत. सत्तरीच्या जवळ आलेल्या, एकाला गुडघ्याचा त्रास असलेल्या जोडप्याने पाच महिन्यांत आठ दिवस, रोज दहा-बारा हजार पावलं? आजोबा स्वतःच म्हणाले, "अरे, एकदा उंदीर बघितला की झालं की रे."

म्हणून तारखेची तिकिटं. इथेही एक खाच आहे. चार दिवसांचं तिकीट घेतलं तर ते चार दिवस सात दिवसांच्या आत वापरावे लागतात. दर शनिवारी एक असं ते पुरवता येत नाही. दोन दिवसांचं तिकीट चार दिवसांत वापरायचं असतं, म्हणजे एक शनिवार-रविवार त्यात नीट बसतो. त्यांनी नोव्हेंबरच्या मध्यासाठी दोन दिवसांची दोन तिकिटं घेतली, थँक्सगिव्हिंगच्या आधी, कारण त्या आठवड्यात मुलाचा पायरेट बंद. फेब्रुवारीत पुन्हा तसंच करायचं ठरलं.

मग जे झालं ते या प्रकरणातलं सगळ्यात मजेदार. २०२४ च्या ९ जानेवारीपासून तारखेचं तिकीट असलेल्याला वेगळं रिझर्व्हेशन, म्हणजे कुठल्या दिवशी कुठल्या पार्कात जाणार याची आगाऊ नोंद, लागत नाही. पासधारकाला मात्र बऱ्याच दिवशी अजूनही लागतं. काही निवडक दिवस त्यातून मोकळे असतात. दुपारी दोननंतर पासवाला रिझर्व्हेशनशिवाय जाऊ शकतो, पण शनिवारी-रविवारी मॅजिक किंगडम त्याला अपवाद. म्हणजे पुण्याहून पहिल्यांदा आलेले आजी-आजोबा तिकीट दाखवून शनिवारी सकाळी मॅजिक किंगडममध्ये शिरू शकत होते, आणि टँपात राहणारा, वर्षाचे पैसे भरलेला मुलगा बाहेर राहिला असता. मंगळवारी त्याने ॲप उघडलं तेव्हा पासधारकांसाठी शनिवारचं मॅजिक किंगडम भरलेलं दिसलं, रविवार मोकळा होता. तिकिटांवर पार्क बांधलेलं नसल्यामुळे क्रम उलटा केला. शनिवारी अ‍ॅनिमल किंगडम, रविवारी मॅजिक किंगडम.

पायरेटवाल्याला एका वेळी चारच रिझर्व्हेशनं धरून ठेवता येतात. पिक्सी डस्टला तीन, सॉर्सरर आणि इन्क्रेडीला पाच. त्यामुळे जो दिवस नक्की नाही तो सोडून द्यायचा आणि पाहुण्यांसाठी दोन जागा रिकाम्या ठेवायच्या, हे त्यांनी तेव्हापासून पाळलं.

बाळगणं

पास कशात असतो? खात्यात असतो. मनगटावरचा मॅजिकबँड, प्लास्टिकचं कार्ड, फोन, ही सगळी त्या खात्याकडे जाणारी साधनं. कार्ड हरवलं तर पास हरवत नाही. ओळखपत्र दाखवलं की दुसरं मिळतं. पण ओळखपत्रच घरी राहिलं तर मग हातात काही उरत नाही. म्हणूनच वर्षभर पास बाळगणं म्हणजे प्रत्यक्षात फोटो ओळखपत्र बाळगणं. दुकानात पासची सवलत (वस्तूंवर २० टक्क्यांपर्यंत, काही उपाहारगृहांत साधारण १० टक्के) मागतानाही पास आणि ओळखपत्र दोन्ही विचारले जातात. नवरा फोन घेऊन राइडच्या रांगेत आणि बायको दुकानात पाकिटाशिवाय, असं झालं की ती सवलत गेली.

पार्कच्या दारात बँड यंत्राला लावायचा आणि बोट ठेवायचं. यंत्र बोटाच्या ठशाचं चित्र साठवत नाही. त्यावरून एक आकडा तयार करतं आणि चित्र टाकून देतं, असं डिस्नेचं म्हणणं आहे. ज्याला बोट द्यायचं नसेल त्याने फोटो ओळखपत्र दाखवलं तरी चालतं. हिरवा दिवा लागला की आत. निळा लागला की कर्मचारी येतात. एका शनिवारी नवरा-बायकोचे एकाच करड्या रंगाचे बँड गाडीत बदलले गेले आणि दोघांनाही निळा दिवा लागला. ओळखपत्रं दाखवून दोन मिनिटांत सुटलं, पण मागे रांग होती. आता तिच्या बँडच्या आतल्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका आहे.

आजोबांचं बोट दोनदा जुळलं नाही. गावाकडे शेतात राबलेली बोटं, आधारच्या वेळेला रेशन दुकानातल्या यंत्रापुढे हाच प्रकार झाला होता. आजोबांना त्यात नवल वाटलं नाही. बाहीवर बोट पुसून ते म्हणाले, "तिकडे पण नाही जुळत माझं." सुनेने आधीच विचारून ठेवलं होतं, "बाबा, पासपोर्ट घेतलात ना?" पासपोर्ट दाखवला, आत गेले. पहिल्या दिवशी जे बोट ठेवलं तेच दरवेळी ठेवायचं, आणि हात घामेजले असतील तर पुसायचे, एवढी काळजी पुरते.

पासपोर्ट सांभाळायचा कसा हा आमच्या फोनवरच्या चर्चेचा मोठा भाग होता. अमेरिकेत १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ ठेवावा असा कायदा आहे. पाहुण्यांसाठी तो म्हणजे आय-९४ ची, अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीची, छापील प्रत. म्हणून आजी-आजोबांचे पासपोर्ट आणि आय-९४ दोन्ही बरोबर घ्यायचे ठरले. आता अ‍ॅनिमल किंगडममध्ये काली रिव्हर रॅपिड्स नावाची राइड आहे. आनंदपूर नावाच्या काल्पनिक गावातून तराफा जातो आणि माणूस चिंब भिजतो. आजींना नाव वाचून बसायचंच होतं. पासपोर्ट झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी न बसणाऱ्या माणसाकडे. त्या दिवशी तो माणूस आजोबा होते.

फोनवर सगळं असलं की फोनचं चार्जिंग हाच पास. ॲप सारखं उघडायचं, रांगांच्या वेळा बघायच्या, जेवण मागवायचं, दुपारपर्यंत बॅटरी उतरते. या घरात नवऱ्याकडे पॉवर बँक असते आणि बायकोच्या पाकिटात तिघांची कार्डं. मुलीचा बँड तिच्या हातावर राहत नाही, तो पार्कात शिरताना घालायचा आणि आत गेल्यावर आईच्या पिशवीत परत. घरचं खाणं नेता येतं, काचेचं भांडं आणि दारू नको, आणि गरम करावं लागेल असं काही नको. दशम्या, चटणी, चिवडा या नियमांत आरामात बसतात. आजींनी सुरक्षा तपासणीच्या रांगेत डबा हातात धरून ठेवला होता. कुणी उघडायला सांगितलं नाही याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

पास दुसऱ्याला देता येतो का, हा प्रश्न यायचाच. नवऱ्याचा मावसभाऊ डॅलसहून येणार होता आणि दोघांची उंची-अंगकाठी सारखी. पास ज्याच्या नावाने त्याचाच, देता-घेता येत नाही. बोटाचा आकडा जुळणार नाही हा भाग वेगळाच. मावसभावाने तिकीट काढलं, पार्किंग मात्र यांच्या गाडीतून फुकट झालं.

राहिलेला प्रश्न

धाकटा जानेवारीत तीन वर्षांचा झाला. आता त्याला काहीतरी घ्यावं लागणार. त्याच्यासाठी जानेवारीत पायरेट घेतला तर त्याचं वर्ष पुढच्या जानेवारीपर्यंत जातं. बाकी तिघांचे पास सप्टेंबरात संपतात. त्यांनी नूतनीकरण केलं नाही, तर सप्टेंबर ते जानेवारी धाकट्याकडे पास असेल आणि त्याला घेऊन जाणारं कुणी नसेल. नूतनीकरणात सोयीचा दिवस निवडायचं स्वातंत्र्यही नसतं. नवं वर्ष जुनं संपतं तिथूनच मोजतात, उशिरा पैसे भरले तरी. २०२५ च्या सप्टेंबरात त्यांनी खाद्यमहोत्सवाचा जो हिशोब केला, तो पुन्हा करायचा असेल तर पास संपू द्यायचा आणि पुन्हा नव्याने घ्यायचा, एवढाच मार्ग.

बायकोचं म्हणणं, धाकट्यासाठी सप्टेंबरपर्यंत लागतील तशी मुलांच्या दराची तिकिटं घ्यावी आणि मग चौघांचे पास एका तारखेला आणावेत. नवऱ्याचं म्हणणं, सप्टेंबरपर्यंत पाच फेऱ्या तरी होतीलच, आणि पाच तिकिटांत जवळजवळ पासच येतो. आजी-आजोबा मार्चअखेर परत जाणार. फेब्रुवारीतली दोन दिवसांची तिकिटं त्यांच्यासाठी घेऊन झाली आहेत, आणि त्या रविवारचं मॅजिक किंगडमचं रिझर्व्हेशन नवऱ्याने या वेळी आधीच धरलं आहे. धाकट्याचं त्या शनिवार-रविवारचं तिकीट काढायचं की पास, हे मी हे लिहीपर्यंत ठरलेलं नव्हतं.